आंबिलीचा द्रोण

भाद्रपदातील पावसाची एखादी सर येऊन जाते, पाठोपाठ स्वच्छ ऊन पडते आणि नागपुरातील घरोघरी महालक्ष्म्यांची लगबग सुरू होते. महाराष्ट्राच्या अन्य भागांत ज्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात, त्यांनाच विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन व भोजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. माळ्यावरच्या पेटीतून मुखवटे खाली उतरतात. धान्याने भरलेल्या कोठ्यांवर ते बसवून त्यांना लुगडी नेसवतात. वर फुलोरा टांगतात आणि त्यात करंज्या, लाडू, पापड्या झुलू लागतात. पोटापाण्यासाठी दूरदूरच्या शहरांत गेलेले काका आणि चुलतभाऊ या तीन दिवसांसाठी जुन्या घरी परत येतात. वर्षभर शांत असलेले घर माणसांनी भरून जाते.

दुसऱ्या दिवशीचे भोजन हा या सणाचा मुख्य सोहळा होय. केळीच्या हिरव्यागार पानावर एका बाजूला मीठ, लिंबू, कोशिंबिरी, चटण्या व पंचामृत, दुसऱ्या बाजूला सोळा भाज्या, मध्यभागी वरणभात, शिवाय कढी, वडे, पुरणपोळी आणि तिच्यावर तुपाची धार. एवढ्या थाटात पानाच्या कडेला एक छोटासा द्रोण असतो. त्यात काहीसा मळकट पांढऱ्या रंगाचा पातळ पदार्थ असतो. त्याला वेलदोड्याचा सुगंध नसतो, की केशराचा रंग नसतो. ती असते ज्वारीच्या पिठाची आंबील.

नेमका हाच द्रोण पुष्कळ मुले हळूच बाजूला सारतात. एखादा धीट नातू विचारतोही, "आजी, एवढी पक्वान्ने असताना ही आंबट पेज कशाला? पाहुणे काय म्हणतील?" आजी वाढता वाढता उत्तर देते, "महालक्ष्म्यांना आंबील लागतेच रे बाळा. आपल्याकडे पहिल्यापासून असंच चालत आलंय." आजीचे उत्तर खोटे नसते, पण नातवाच्या प्रश्नाला ते पुरे पडत नाही. पूर्वजांनी एखादा पदार्थ खाल्ला, एवढ्याच कारणासाठी तो सणाच्या पानात वाढावा काय?

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. काही लोक म्हणतात, जुने ते सोने. त्यात तिळमात्र बदल होता कामा नये. इतर काही म्हणतात, काळ बदलला. आता ज्याला जे आवडेल ते करावे आणि जुने सोडून द्यावे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, कारण त्यांपैकी कोणतेही एक स्वीकारले की पुढे विचार करण्याचे श्रम वाचतात. वारसा मात्र विचारावाचून सांभाळता येत नाही. घरात आलेल्या जुन्या वस्तूंपैकी कोणती जपावी, कोणती दुरुस्त करावी आणि कोणती टाकून द्यावी, हे ज्याप्रमाणे पारखून ठरवावे लागते, त्याप्रमाणेच जुन्या पदार्थांचे व जुन्या चालीरीतींचे आहे.

राजेरजवाड्यांचा इतिहास बखरींत, ताम्रपटांत आणि शिलालेखांत सापडतो. सामान्य कुटुंबाचा इतिहास कोणी लिहून ठेवत नाही. पणजोबांचे पणजोबा काय खात असत, कोणत्या महिन्यात धान्य संपत असे, दुष्काळात घर कसे निभावले, हे कोणत्याही कागदावर नसते. ते थोडेफार उरते ते स्वयंपाकघरात. आंबिलीचा द्रोण म्हणजे असे एक न लिहिलेले पान आहे. आज ज्या घरांत रोज गव्हाची पोळी होते, त्यांपैकी अनेक घरांत पूर्वी ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न होते. कष्टकरी माणूस उन्हातून आला की आंबील पिऊन ताजातवाना होई. मूठभर पीठ, ताक, मीठ आणि पाणी एवढ्यावर चार माणसांचे पोट शांत करणारा हा पदार्थ होता. वैभवाच्या दिवशी देवीपुढे पुरणपोळीच्या शेजारी गरिबीतले हे अन्न ठेवणाऱ्या घराने आपले जुने दिवस विसरले नाहीत, असाच त्याचा अर्थ घेता येतो.

शिवाय या पदार्थात ज्ञान साठवलेले आहे. आंबील करण्याची रीत घरोघरी थोडी निराळी असली, तरी मूळ तत्त्व एकच आहे. ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवतात. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव त्यात वाढतात आणि पिठाला आंबटपणा येतो. दुसऱ्या दिवशी ते आधणाच्या पाण्यात सोडून सारखे ढवळावे लागते, नाहीतर गाठी होतात. पीठ किती आंबले म्हणजे पुरे, आच केव्हा कमी करावी, हे आजीला वासावरून आणि पळीला लागणाऱ्या जडपणावरून कळते. हे ज्ञान तिच्या हातात असते. ज्या वर्षी तो हात थांबतो आणि तोवर दुसऱ्या कोणाच्या हाताने ते उचललेले नसते, त्या वर्षी एक लहानशी विद्या कायमची नाहीशी होते.

ज्वारीचीही कथा अशीच आहे. गेल्या काही दशकांत विदर्भातील ज्वारीचे क्षेत्र घटत गेले आणि सोयाबीनचे वाढले. भरड धान्य म्हणून मधल्या काळात शहरातील लोकांनी ज्वारीला दूर केले. पुढे तिचे गुण जगाला पुन्हा आठवले. कमी पाण्यावर येणाऱ्या आणि शरीराला पोषक असलेल्या या धान्यांकडे लक्ष वेधण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. एरवी ज्वारी घरात न आणणाऱ्या कुटुंबानेही महालक्ष्म्यांच्या निमित्ताने ती आणली आणि धान्याची ओळख पुसू दिली नाही. सणाच्या एका द्रोणाने केलेले हे काम थोडे नव्हे.

जुना पदार्थ केवळ वाढल्याने मात्र हे सारे आपोआप पुढच्या पिढीकडे जात नाही. त्यासाठी त्याच्याविषयी बोलावे लागते. याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अलिबागच्या आसपासच्या कोकणपट्टीत शतकानुशतके मराठी बोलणारा एक ज्यू समाज राहत आला आहे. त्याला बेने इस्राएल म्हणतात. ज्यू लोकांचा वल्हांडण नावाचा सण असतो. त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलामगिरीत होते आणि तेथून ते मुक्त झाले, याची आठवण या सणात केली जाते. त्या रात्रीच्या जेवणात बेखमीर भाकर आणि कडू पाला मुद्दाम ठेवतात. भाकर बेखमीर, कारण घाईने निघताना पीठ फुगण्यास अवधी नव्हता. पाला कडू, कारण गुलामगिरीचे दिवस कडू होते. या भोजनाचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. आजचे जेवण नेहमीपेक्षा निराळे का, असे घरातील सर्वांत लहान मुलाने विचारावयाचे आणि वडीलधाऱ्यांनी सर्व हकीकत त्याला सांगावयाची. मुलाचा प्रश्न हा तेथे उद्धटपणा ठरत नाही. तो सणाचाच एक भाग असतो.

याच बेने इस्राएल लोकांचा मलिदा नावाचा नैवेद्य आहे. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांनी तो सजवितात. १९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यावर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. घरे, नारळाची झाडे, शेजारीपाजारी सर्व मागे राहिले. मलिदा मात्र त्यांच्याबरोबर गेला आणि आजही तेथे केला जातो. माणूस देश सोडतो तेव्हा जमीन उचलून नेता येत नाही, पण पाककृती नेता येते. तिचे ओझे होत नाही आणि सीमेवर तिला कोणी अडवीत नाही.

नागपूर हे शहर तर अशा येणाऱ्याजाणाऱ्यांनीच बनलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंद शाह याने ते वसविले. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती होऊन त्याचेही ते मुख्य ठिकाण बनले. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. राज्यकारभार, रेल्वे आणि गिरणी यांच्या ओढीने निरनिराळ्या भाषांची, निरनिराळ्या प्रांतांची माणसे येथे आली आणि येथलीच झाली. प्रत्येकाने आपापली चूल बरोबर आणली. कोणाच्या घरी वडाभात, कोणाच्या घरी रोडगे आणि वांग्याची भाजी, तर हलबा कोष्टी विणकरांच्या घरी सावजीचा झणझणीत रस्सा. एका घरचा सणाचा पदार्थ दुसऱ्या घरी ठाऊकही नसतो. म्हणून आपले पान तेवढे खरे आणि शेजाऱ्याचे निराळे म्हणून हलके, असे या शहरात तरी कोणी म्हणू नये.

तसे म्हणण्यास आधारही नाही. नागपूरच्या रश्श्याला जिच्यामुळे कीर्ती मिळाली, ती मिरची मुळात अमेरिका खंडातील आहे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती भारतात आली. त्याला पुरती साडेपाचशे वर्षेही झालेली नाहीत. बटाटा, भुईमूग, मका, टोमॅटो आणि लाल भोपळाही त्याच खंडातून आलेले आहेत. उपासाच्या पवित्र फराळात बटाटा आणि भुईमूग यांना मानाचे स्थान आहे. परंतु ज्ञानेश्वरांच्या काळी ते या देशात कोणी पाहिलेही नव्हते. फार काय, ज्या ज्वारीची आंबील होते ती ज्वारीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली पाहुणी आहे. प्रत्येक जुना पदार्थ कधीतरी नवा होता. कोणीतरी पहिल्यांदा तो भीतभीत चाखला, कोणीतरी नाक मुरडले आणि मग नातवंडांना तो परंपरेचा वाटू लागला. जो हे जाणतो, तो जुन्या पदार्थावर प्रेम करतो. त्याचा गर्व करीत नाही.

पदार्थांबरोबर काही चालीही वारशाने येतात आणि त्या सर्वच जपण्यासारख्या नसतात. विदर्भाचे थोर सुपुत्र गाडगेबाबा यांनी हे कृतीने दाखविले. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात झाला. लहानपणी त्यांचे नाव डेबूजी होते. दारूच्या व्यसनाने त्यांच्या वडिलांचा संसार उद्ध्वस्त झालेला त्यांनी पाहिला होता. बारशासारख्या प्रसंगी जातभाईंना मद्यमांसाचे जेवण घालण्याची त्या काळी रूढी होती आणि तिच्या पायी गरीब माणसे कर्जात बुडत. स्वतःच्या मुलीच्या बारशाला डेबूजींनी ही रूढी मोडली आणि लोकांना गोड जेवण घातले. नातलग रागावले, पण ते डगमगले नाहीत. पूर्वजांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या चुकांची पुनरावृत्ती करणे नव्हे, हे त्या निरक्षर तरुणाला स्पष्ट दिसले होते.

पैठणच्या एकनाथांविषयीही अशीच एक कथा सांगितली जाते. त्यांच्या घरी पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याचा सुवास बाहेरच्या वाटेने जाणाऱ्या भुकेल्या माणसांपर्यंत पोहोचला. त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानले जाई, अशी ती माणसे होती. एकनाथांनी त्यांना बोलावून पितरांसाठी केलेले ते अन्न पोटभर वाढले. गाव संतापले. परंतु भुकेल्याच्या मुखी घास पडल्यावर पितर उपाशी राहतील, असे एकनाथांना वाटले नाही.

ही कथा ऐकताना एक गोष्ट विसरता येत नाही. सर्वांचे पूर्वज एका पंगतीला बसलेले नाहीत. कोणाचे पूर्वज पाटावर बसून पक्वान्ने जेवत होते, तर कोणाच्या पूर्वजांना दाराबाहेर उभे राहून उरलेसुरले घ्यावे लागत होते. काही घरांतील वडिलोपार्जित पदार्थ म्हणजे कण्या, रानातला पाला, कोरडी भाकर आणि मिरचीचा ठेचा. अशा घरांतील मुलांना त्या पदार्थांची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्या मागे उपासमारीतही लेकरांना जगविणाऱ्या आयांची हुशारी आहे. लाज वाटावी ती माणसांची पंगत वेगळी बसविणाऱ्या रूढीची. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात आणि ठिकठिकाणी स्वयंसेवक त्यांना जेवण वाढतात. तेथे ताट पुढे करणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. तीही आता नागपूरची एक परंपराच झाली आहे आणि जपण्यासारखी आहे.

आता पुन्हा महालक्ष्म्यांच्या घराकडे वळावे. पंगत बसली आहे, वाढणे चालू आहे, "सावकाश होऊ द्या" असा आग्रह होत आहे. त्याच वेळी स्वयंपाकघरात कोण आहे? सोळा भाज्या निवडणाऱ्या, चिरणाऱ्या, पुरण वाटणाऱ्या, धुरात आणि वाफेत पहाटेपासून उभ्या असलेल्या आई, काकू आणि आजी. पुष्कळ घरांत त्या सर्वांच्या शेवटी जेवतात. तोवर कढी निवलेली असते आणि वडे संपलेले असतात. ज्या अन्नपूर्णेची पूजा बाहेर होते, तिलाच आत उभे ठेवावे, ही रीत कितीही जुनी असली तरी चांगली नाही. पूर्वजांचे पदार्थ जर सर्व कुटुंबाचा वारसा असतील, तर ते करण्याचे श्रमही सर्व कुटुंबाचे असले पाहिजेत. भाजी निवडणे, पीठ ढवळणे, पाने मांडणे आणि शेवटी भांडी घासणे यांत मुलींप्रमाणेच मुलांनीही हात घातला पाहिजे. सोळा भाज्या करणे झेपत नसेल, तर त्या सर्व एकत्र करून एकच भाजी करावी. काही घरे तसे करतातही. देवी भाज्या मोजीत बसत नाही. घरातील एका जीवाला थकवून पूर्ण केलेल्या सोळा भाज्यांपेक्षा सर्वांनी मिळून हसतखेळत केलेल्या चार भाज्या अधिक गोड लागतात.

पानात टाकले जाणारे अन्न हीसुद्धा अशीच एक चूक आहे. नैवेद्याचा पदार्थ म्हणून आग्रहाने वाढावा आणि मुलाने तो न चाखताच टाकावा, यात ना पूर्वजांचा मान आहे ना धान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा. जुना पदार्थ थोडाच करावा, थोडाच वाढावा. पण तो संपवावा. म्हणूनच तर आंबिलीला मोठे भांडे नाही, एक लहान द्रोण पुरतो.

तेव्हा वडिलोपार्जित पदार्थ सणाच्या पानात अवश्य वाढावा; मात्र त्याची हकीकतही त्याच्याबरोबर वाढावी. तो कसा करतात हे मुलग्यांना आणि मुलींना सारखेच शिकवावे. आजीच्या तोंडून त्याची कृती वहीत उतरवून घ्यावी. तारीख घालावी आणि वही जपून ठेवावी. शेजाऱ्याला द्रोणभर पाठवावा आणि त्याच्या घरचे जे येईल ते नाक न मुरडता चाखावे. ज्या चालीने कोणाचा अपमान होतो, कोणी उपाशी राहतो किंवा कोणावर एकट्याने राबण्याची पाळी येते, ती चाल निःशंकपणे सोडावी. असे केल्याने पूर्वज रुसणार नाहीत.

आणि तो प्रश्न विचारणारा नातू? त्याला गप्प बसविण्याचे कारण नाही. एवढी पक्वान्ने असताना ही आंबील कशाला, हे विचारणारे मूल घरात आहे तोवर काळजी नाही. त्याला आजीने जवळ बसवावे, ज्वारीची, ताकाची आणि जुन्या दिवसांची गोष्ट सांगावी आणि पुढच्या वर्षी पीठ ढवळण्याची पळी त्याच्या हाती द्यावी. पहिल्या वर्षी गाठी होतील. दुसऱ्या वर्षी कमी होतील. कधीतरी त्याच घरात, किंवा दूरच्या एखाद्या शहरात, तो स्वतः पंगतीत द्रोण ठेवीत जाईल आणि एखादे लहान मूल त्याला विचारील, "आजोबा, हे काय आहे?" तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल.